बहाराआधीचं पाणी

ओल्या पोत्यातून पाणी गळत होतं आणि ते नेमकं उत्तराच्या पांढऱ्या पातळावर गळत होतं.

"ओ भाऊ! जरा पाहून चाला ना!"

कॉलेजचा दगडी जिना उतरणारा तरुण जागच्या जागी थबकला. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि खांद्यावर पोत्यात गुंडाळलेली झाडाची भली मोठी फांदी. पोत्याच्या तोंडातून काळीकुट्ट पानं बाहेर डोकावत होती.

या 'भाऊ'बद्दल उत्तरानं पुढं स्वतःला किती बोल लावले ते विचारू नका. नागपुरात अनोळखी पुरुषाला भाऊ म्हणायची रीतच आहे, त्यामुळं तिच्या तोंडून ते आपसूक निघून गेलं. पण त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं मात्र, आणि तिला वाटलं, घाई केली आपण. थोडं थांबायला हवं होतं.

"माफ करा जी," तो म्हणाला. "सकाळपासून पाहूनच चालून राहिलो. पण जायचं कुठं, हे कोणी सांगूनच नाही राहिलं."

"तुम्हाला कुणाकडे जायचंय?"

"जीवशास्त्राकडे."

उत्तराला हसू आवरेना. ती वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला होती, शेवटच्या वर्षाला. पाच वर्षं याच इमारतीत घालवून तिला जीवशास्त्राचा एक कोपरा जेमतेम कळला होता, आणि हा गृहस्थ सगळ्या जीवशास्त्राला एका सकाळी भेटायला निघाला होता!

"हसू नका," तो म्हणाला, पण त्याचेही ओठ हलले होतेच. "संत्र्याची फांदी आहे. कोळशी पडली बागेवर. समोरच्या बिल्डिंगीत कीटकवाल्या सरांनी पानं उलटी करून पाह्यली. म्हणे, खाली काळी माशी आहे, ती आमची. पण वरची काजळी आमची नाही, ती बुरशी, तुम्ही बॉटनीत जा. इथं बॉटनीतल्या सरांनी काजळी पाह्यली. म्हणे, बुरशी आमचीच, पण यानं झाड कमजोर नाही होत, माती तपासा. मातीतले जंतू पाहणाऱ्या बाईंनी कलम बांधलं तो खुंट कशाचा ते विचारलं. जंबेरी लिंबाचा म्हटलं, तं त्यांनी मले अनुवंशवाल्या सरांकडे धाडलं."

"मग ते काय म्हणाले?"

"ते म्हणाले, आज शनिवार. अर्धा दिवस."

आता मात्र उत्तरा खळखळून हसली. तोही हसला. त्याच्या डाव्या गालावर हसताना एक खळी पडत होती, आणि ती पाहायची नाही असं ठरवूनही उत्तरानं ती पाहिली.

"झाड एकच आहे जी," तो हळूच म्हणाला. "रोगही एकच. मग वैद्य इतके काहून?"

प्रश्न साधा होता. जिन्याच्या कठड्यावर फांदी टेकवायला लावून ती पानं निरखू लागली. तेवढ्यात पोत्यातून मुंग्यांची एक रांग निघाली आणि तिच्या मनगटावर चढली.

"मुंग्या कुठून आल्या?"

"बागेतूनच आल्या. एस.टी.त तं लोकांनी मले त्यांच्यापायीच मागच्या शिटावर बसवलं."

उत्तरानं पानावरून बोट फिरवलं. बोट चिकटलं. पाकात बुडवल्यासारखं चिकट पान... मुंग्या उगीच का आल्या असतील? आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माशी रस पिते आणि गोड थेंब टाकते, त्या गोडव्यावर बुरशी माजते. पान काळं पडतं, त्याला ऊन मिळत नाही, झाड उपाशी राहतं. कीटकवाले सर बरोबर होते, बुरशीवाले सरही बरोबर होते. फक्त दोघांच्या मधे एक रस्ता होता, आणि तो ओलांडून इकडचा माणूस तिकडे कधी जात नव्हता.

"चला माझ्यासोबत," ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं काय केलं असेल, तर बुरशीवाल्या बोकारे सरांना हाताला धरल्यासारखं रस्त्यापलीकडे नेलं आणि कीटकवाल्या सरांच्या टेबलाशी बसवलं. दोघं एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वर्षानुवर्षं नोकरी करत होते, पण एका फांदीवर डोकी टेकवून बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. चहा आला, भांडण झालं, पुन्हा चहा आला. शेवटी फवारणी कशाची आणि कधी, हे दोघांनी मिळून सांगितलं.

बाहेर पडताना तिनं आपलं नाव सांगितलं, उत्तरा गजभिये. त्यानंही सांगितलं. मनोहर रामटेके. वडील देवराव रेल्वेत सिग्नलवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नरखेडकडची ही बाग घेतली होती. गावात बौद्धांच्या हातात आलेली ती पहिली बाग, त्यामुळं सगळ्या गावाचं लक्ष तिच्याकडे. रेल्वेच्या माणसाला संत्रं काय कळतंय, असं लोक तोंडावर म्हणायचे. मनोहरनं नागपुरातली नोकरी सोडली आणि वडिलांच्या मदतीला गेला.

"तुमचं जीवशास्त्र लय मोठं आहे जी," निघताना तो म्हणाला. "याच्या बाहेर काही राहते का?"

"डबक्यातल्या थेंबापासून देवमाशापर्यंत सगळं आत येतं," उत्तरा अभिमानानं म्हणाली. "दगडात सापडलेली पानंसुद्धा. कोणी पेशी पाहतं, कोणी पाखरांची भाषा, कोणी अख्खं जंगल. मी फक्त खोड आणि पानांचे काप करते. आतून ती कशी असतात ते पाहते."

"अन् माणूस?"

"माणूस समोरच्या बिल्डिंगीत. प्राणिशास्त्रात."

"म्हणजे मी तिकडचा, अन् तुम्ही..." तो जरा अडखळला. "तुम्हीपण तिकडच्याच ना? मग इकडं काय करून राहिल्या?"

उत्तरानं घाईघाईनं रिक्षा बोलावली. पण घरी इंदोऱ्याला जाईपर्यंत सायकलरिक्षात ती एकटीच हसत होती, आणि रिक्षावाला दोनदा मागं वळून पाहून गेला.

त्यानंतर मनोहरच्या बागेतल्या प्रत्येक पानाला वनस्पतिशास्त्राची गरज पडू लागली. फवारणी झाली, पानं धुतली गेली, हे सांगायला तो आला. नवी पालवी स्वच्छ आहे, हे दाखवायला आला. एकदा तर नुसतंच एक पान घेऊन आला, ज्याला काहीही झालेलं नव्हतं.

"याला काय झालंय?" उत्तरानं विचारलं.

"काही नाही. बरं झालं, हेच दाखवायले आणलं."

"त्यासाठी नरखेडहून?"

"बसमधे खिडकी भेटली होती..." तो म्हणाला, आणि दोघांनाही ते कारण पुरेसं वाटलं. मैत्रिणी उत्तराला चिडवायच्या, तिला विचारायच्या, तुझा रोगी कसा आहे. ती रागावल्याचं नाटक करायची. आणि जिन्यावर पावलं वाजली की तिचा ब्लेड धरलेला हात मधेच थांबायचा.

डिसेंबरच्या एका दुपारी मात्र तो हसला नाही. कॉलेजच्या मागच्या गुलमोहराखाली बसून त्यानं सगळं सांगितलं. बाग ज्यांच्याकडून घेतली ते चंपतराव आता ती परत मागत होते. कोळशी गेली, झाडं सुधारली, तेव्हा त्यांचा जीव पुन्हा बागेत अडकला होता. देवराव दमले होते. त्यांनी शब्द देऊन टाकला होता, की येणाऱ्या आंबिया बहाराला, म्हणजे थंडी सरतानाच्या फुलोऱ्याला, बाग फुलली तर मी इथंच, नाही फुलली तर तुमची बाग तुम्हाला परत.

"आणि तुम्ही?"

"भिलाईले मामा आहे. त्यानं नोकरी पाहून ठेवली." तो जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. "भिलाई काही जवळ नाही जी. तिथून रोज पान नाही आणता येत."

त्या क्षणी तिला कळलं, की या माणसावर आपलं प्रेम आहे. साधं, सरळ, लपवता न येणारं. पण तिनं एवढंच विचारलं, "बहार येईल ना?"

"यायलेच पाह्यजे," मनोहर म्हणाला.

जानेवारीत बोकारे सरांनी ठरवलं, की आता ही बाग सगळ्या मुलांनी पाहावी. वनस्पती आणि प्राणी, दोन्ही विभागांची मुलं एका एस.टी.त बसली, आणि नरखेडच्या अलीकडे एका फाट्यावर उतरली. देवरावांनी सगळ्यांना 'जय भीम' केलं. मनोहरची आई अंजनाबाई चुलीवर मोठं पातेलं चढवून बसल्या होत्या. त्यांनी उत्तराला खालून वरून न्याहाळलं आणि म्हणाल्या, "काय वं पोरी, तूच का ते पानवाली?"

उत्तराचे कान तापले. मनोहर तेवढ्यात विहिरीकडे कुठंतरी पसार झाला होता.

मग बागेत गंमतच सुरू झाली. झाडं तीच, पण ज्याला जे दिसायला हवं तेच त्याला दिसत होतं. कीटकवाले बुंध्याशी उताणे पडून पानांच्या पाठी बघत होते. बुरशीवाले सालीवरचे पांढरे चट्टे खरवडत होते. एक मुलगा कानाला हात लावून पाखरं ऐकत होता, दोघी मुली नळ्यांत माती भरत होत्या. कोणी गवताची नावं लिहीत होतं, कोणी बांधावरच्या सरड्याच्या मागं होतं. मनोहर बोकारे सरांना घेऊन वरच्या टोकाला गेला. देवराव फाट्यावर दूध आणायला गेले. उत्तराला तर कापापुरती एक काडी हवी होती, ती मिळाली आणि तिचं काम संपलं.

ती एकटीच खालच्या अंगाला फिरत गेली. आणि तिथं तिचा जीव गलबलला.

झाडांची पानं मलूल होऊन द्रोणासारखी वळली होती. कितीतरी गळून पडली होती. बुंध्याभोवतीची माती फुटून तिला भेगा पडल्या होत्या. आणि शेजारीच, चार पावलांवर, गव्हाच्या तुकड्याला पाटातून झुळझुळ पाणी चाललं होतं! गव्हाला पाणी, आणि ज्या संत्र्यावर सगळ्या घराचं नशीब टांगलेलं, त्याला थेंब नाही? उत्तरानं आयुष्यात कुंडीतली झाडं पाहिली होती, पुस्तकातली पाहिली होती, दाबून वाळवलेली पाहिली होती. पान मलूल झालं की पाणी घालायचं, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. घरातल्यांना कामाच्या धांदलीत जमलं नसेल, असं तिला वाटलं. आपण मनोहरसाठी एवढं तरी करावं, असंही वाटलं.

तिनं चपला काढल्या, पातळ खोचलं, आणि पाटाची माती पायानं फोडून पाणी संत्र्याकडे वळवलं.

पाणी भेगांत शिरताना चर्र असा आवाज येत होता. एक ओळ भिजली, मग दुसरी, मग उतारावरची खालची अर्धी बाग. उत्तरा पाण्यात पाय सोडून बसली होती, आणि इतकी खूश होती, की ती चक्क गुणगुणत होती.

"बाई!"

देवराव बांधावर उभे होते. हातातली दुधाची चरवी त्यांनी हळूच खाली ठेवली. ते ओरडले नाहीत. ते नुसते खाली बसले, जसा खूप चाललेला माणूस बसतो तसे. त्यांच्या मागून मनोहर धावत आला, त्यानं पाणी पाहिलं, आणि दोन्ही हातांनी चिखल ओढत पाट बुजवायला लागला.

"काय झालं?" उत्तरानं विचारलं. "अहो, सांगा ना, काय झालं? झाडं वाळत होती..."

"वाळत नव्हती जी," मनोहर खाली मान घालून म्हणाला. "ताण देल्ला होता त्याईले. दिवाळी झाल्यावर पाणी तोडलं होतं. झाडाले तहान लागू द्यावी लागते, तेव्हा ते फुलावर येते. मधेच पाणी भेटलं, की त्याले वाटते आता काय चिंता. मग ते फुलत नाही, नुसतं पानावर जाते."

"म्हणजे... बहार?"

मनोहरनं हातातला चिखल पाटावर थापला. देवराव उठले, चरवी उचलली, आणि शांतपणे म्हणाले, "चला, जेवून घ्या सगळे. पोरगी काय मुद्दाम करते का? होते."

त्यांनी रागावायला हवं होतं. उत्तराला ते फार सोपं गेलं असतं. परतीच्या बसमधे ती खिडकीला डोकं टेकवून बसली आणि काटोल येईपर्यंत रडली. निरोप घेताना मनोहर काहीतरी बोलायला पुढं आला होता, पण तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. कुठल्या तोंडानं पाहणार? वनस्पतिशास्त्रात सुवर्णपदक मिळवायला निघालेली पोरगी, आणि तिनं एका सकाळी एका घराचा बहार बुडवला. शिवाय आपल्या हातानं त्याला भिलाईला पाठवून दिलं.

मग मनोहर आला नाही. कॉलेजच्या जिन्यावर किती पावलं वाजली, पण त्याची वाजली नाहीत. उत्तराला अन्न गोड लागेना. ग्रंथालयात बसून तिनं झाडांच्या वाढीवरची, फुलण्यावरची, थंडीवरची, मुळांवरची पुस्तकं उपसली. कुठं लिहिलं होतं की थंडीनंसुद्धा झाड फुलाकडे वळतं. कुठं लिहिलं होतं की ताण पुरला असेल तर पाण्यानं बिघडत नाही. पण पुरला होता का, हे कोणतं पुस्तक सांगणार? बोकारे सर म्हणाले, "आता झाडालाच विचारावं लागेल, गजभिये. फांद्यांवरचे डोळे फुटेपर्यंत धीर धर." धीर धरणं सरांना सोपं होतं. त्यांचं कुणी भिलाईला निघालं नव्हतं.

फेब्रुवारी उजाडायच्या सुमारास एका सकाळी ती प्रयोगशाळेत एकटी होती. दारात कुणीतरी खाकरलं.

मनोहर. दाढी वाढलेली, हातात जेवणाचा डबा.

उत्तरा उभी राहिली, आणि मग काय करावं ते न सुचून परत बसली.

"डोळे फुटून राहिले," तो म्हणाला. त्यानं डबा उघडला. आत ओल्या फडक्यावर बारीक बारीक हिरवे कोंब होते, मोहरीपेक्षा थोडे मोठे. "खालच्या बागेतले आहेत, पाणी भेटलेल्या. पान आहे की कळी, कोणालेच समजून नाही राहिलं. चंपतराव म्हणतात पानच आहे. बाबा म्हणाले, त्या पोरीले विचार."

"मला?" उत्तरानं त्याच्याकडे पाहिलं. "माझ्यावर अजून विश्वास आहे त्यांचा?"

"बाबाचा आहे." तो थांबला. "माहा तं..." वाक्य तिथंच राहिलं.

उत्तरानं एक गाजर घेतलं, त्याचा लहान तुकडा कापला, मधे चीर दिली आणि एक कोंब त्या चिरेत उभा बसवला. एवढासा कोंब नुसत्या बोटांत धरता येत नाही, म्हणून गाजराचा आधार. मग तिनं ब्लेड ओलं केलं. ब्लेड दोनदा घसरलं. रोज डोळे मिटून काप करणारा तिचा हात!

"आतमधे काय दिसन?" मनोहरनं विचारलं.

"पानाचा कोंब असेल तर त्याचं टोक आत घुमटासारखं गोल असतं. कळी असेल तर टोक चपटं होतं, आणि कडेनं बारीक उंचवटे येतात. त्याच पुढं पाकळ्या."

पहिला काप तिनं लाल रंगात बुडवला, काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

गोल. घुमटासारखं, गुळगुळीत, स्पष्ट गोल.

तिनं दुसरा कोंब घेतला. तोही गोल. मनोहर तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. खिडकीबाहेर माळी पाइपानं पाणी मारत होता, आणि उत्तराला त्या पाण्याचा आवाजही सोसवेना.

तिसरा कोंब. तिनं श्वास धरला, काप घेतला, सूक्ष्मदर्शकाची नळी हळूहळू खाली आणली.

चपटं.

ती हलली नाही. तिनं भिंग बदललं, पुन्हा पाहिलं. चपटं टोक, आणि कडेनं अगदी नीट बसलेले बारीक उंचवटे. तिनं झटपट पुढचा कोंब कापला. चपटा. त्याच्या पुढचा. चपटा. मग एक गोल, मग परत चपटे, चपटे, चपटे! संत्र्याच्या फांदीवर थोडी पानंही येतातच, यायलाच हवीत. तेवढीच गोल होती. बाकी सगळी कळी होती.

"बहार आहे," ती म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. "मनोहर, बहार आहे! ताण पुरला होता. थंडीनं पुरला असेल... मी काही बुडवलं नाही!"

"पाहू द्या, पाहू द्या मले!" तो घाईनं वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग गंभीरपणे म्हणाला, "मले तं काळे काळे केस दिसून राहिले."

"अहो, त्या तुमच्या पापण्या!" उत्तरा रडता रडता हसू लागली. "डोळा इतका चिकटवू नका. दुसरा डोळा मिटू नका. असं..." तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून जरा मागं घेतलं. हात तिथंच राहिले. तोही हलला नाही.

"दिसलं," तो अगदी हळू म्हणाला. "एवढंसं आहे बाप्पा. याच्यावरच सगळं थांबलं होतं?"

उत्तराच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. इतके दिवस तिला पोटभर श्वास घेता आला नव्हता, हे तिला आत्ता, तो घेताना कळलं.

बाग फुलली तेव्हा ती पुन्हा गेली, या वेळी एकटी, सकाळच्या पहिल्या बसनं. फाट्यावर उतरल्या उतरल्याच वास आला. खालची अर्धी बाग पांढरीशुभ्र झाली होती. वरची अजून कळीतच होती. पाणी आधी मिळालं म्हणून खालची आधी फुलली होती, एवढाच काय तो फरक. आणि गावात मात्र भलतंच पसरलं होतं. रेल्वेवाल्या देवरावानं काहीतरी नवी युक्ती केली, चंपतरावांच्या दुसऱ्या बागेच्या आधी बहार आणला, असं लोक म्हणत होते. चंपतराव स्वतः येऊन बघून गेले आणि परत मागणीचं नाव न काढता चहा पिऊन गेले.

"मी कोणाले काही सांगतलं नाही," देवराव मिश्कीलपणे म्हणाले. "सिग्नल लवकर पडला म्हटलं, गाडी लवकर आली."

अंजनाबाईंनी उत्तराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "काहून गा, उभा काय आहेस खांबासारखा? बाग दाखव तिले."

दोघं झाडांमधून चालू लागले. मधमाश्या घोंघावत होत्या, पायाखाली पाकळ्या होत्या, आणि मनोहरच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. तो एकदा बोकारे सरांची खुशाली विचारून गप्प झाला. मग प्राणिशास्त्राच्या सरांची विचारून गप्प झाला. आता माळ्याचीही विचारेल असं उत्तराला वाटलं.

"भिलाईला कधी जाताय?" तिनंच मुद्दाम विचारलं.

"आता काहून जाऊ? मामाले नाही म्हणून कळवलं." त्यानं एक फांदी तिच्या वाटेतून बाजूला धरली. "उत्तरा, एक विचारू? त्या दिवशी बसमधे बसताना तुम्ही माह्याकडे पाह्यलं काहून नाही?"

"कशी पाहणार? मला वाटलं, तुम्ही आता आयुष्यात माझं तोंड पाहणार नाही. वाटलं, बहार गेला म्हणजे सगळंच गेलं. रोज झोपताना एकच विचार, की बहार आला तर मनोहर राहतील, नाही आला तर..." तिनं ती फांदी त्याच्या हातून सोडवली. "तुम्ही का नाही आलात इतके दिवस?"

"मले वाटलं, मी आलो तं तुम्हाले अजून वाईट वाटन. म्हटलं, डोळे फुटू द्या. कळी निघाली तं ते घेऊन जाऊ."

"आणि पान निघालं असतं तर?"

मनोहर थांबला. त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं.

"तरी आलोच असतो," तो म्हणाला. "बाबाले मी त्याच रात्री सांगतलं होतं. बाग राहो की जावो, मी तुमच्या घरी विचारायले जाणार म्हणून. भिलाईचा क्वार्टर लहान आहे, पण दोघाले पुरला असता."

उत्तरा त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे तिनं ज्या कळीसाठी जीव मुठीत धरला होता, अन्न टाकलं होतं, पुस्तकं उपसली होती... तिच्यावर हे अवलंबूनच नव्हतं? त्या दिवशी ती बसमधे रडत होती, तेव्हाच हे ठरलेलं होतं?

"मग आधी सांगायचं नाही का?" ती जवळजवळ ओरडलीच. "वेडी झाले असते मी! निदान प्रयोगशाळेत तरी! 'माहा तं' म्हणून थांबलात, पुढं काय होतं त्याच्या?"

"माहा तं विश्वास नाही, प्रेम आहे. पण तेव्हा तुमच्या हातात ब्लेड होतं जी."

उत्तरानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं, पण इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं. मग तिनं हात खाली घेतले आणि त्याचा हात धरला, भर उजेडात, अंजनाबाई चुलीपाशी बसून सगळं बघत असताना.

"रविवारी या," ती म्हणाली. "बाबा घरी असतात. आणि विचारायला लागलात की मधेच थांबू नका."